क्लेइनोच्या थोआसचं दुसरं बाळंतपण

आमच्या गावात कुणी "थोआस!" अशी हाक मारली की चार दारांतून चार डोकी बाहेर यायची. एक माझा दीर, एक मासे खारवणारा म्हातारा, एक आब्रोचा आणि एक क्लेइनोचा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं ही आमची रीत, आणि त्या आजोबांनाही त्यांच्या आजोबांचंच ठेवलेलं. मग दुसरं काय होणार? माणसं वाढत गेली, नावं आपली होती तेवढीच राहिली.

मी प्राक्सो, या गावची सुईण. पन्नास वर्षं हेच काम केलं. चारांपैकी धाकटे दोन थोआस माझ्याच हातांत आले, एकाच हिवाळ्यात, अकरा दिवसांच्या अंतराने. आब्रोचा आधी, पायाळू, दोन दिवस आईचा जीव खाऊन आलेला. क्लेइनोचा नंतर, आणि इतका सहज की मी हात धुऊन येते तोवर अर्धा बाहेर. क्लेइनो माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, एवढंच? आब्रो उगाच गाव डोक्यावर घेत होती की!" भिंतीपलीकडून आब्रोने ते ऐकलं आणि पुढे वीस वर्षं तिला ऐकवलं. दोघींच्या घरांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत होती, आणि त्या भिंतीवरून रोज भांडण, पीठ आणि अंजिरं यांची देवघेव चालायची.

हे नावच तसलं आहे. जुन्या गाण्यांत बघा, थोआस ढिगाने सापडतील. एक लेम्नोस बेटाचा राजा. तिथल्या बायकांनी सगळे पुरुष कापून काढले तेव्हा मुलीने बापाला लपवून वाचवलं. एक उत्तरेकडच्या रानटी मुलखाचा राजा. कुणी म्हणतात हा तोच, कुणी म्हणतात छे. एक चाळीस जहाजं घेऊन ट्रॉयवर गेला. एक ट्रॉयच्याच बाजूने लढला आणि ढालीच्या कडेने छातीत भाला घुसून मेला. एक राक्षसही होता म्हणे, त्याला दैवाच्या तिघी बहिणींनी काशाच्या गदांनी ठेचला. पण अख्खी गोष्ट एकाच्याही वाट्याला नाही. येतात, एखादं काम करतात किंवा मरतात, आणि गाणारा पुढच्याकडे वळतो. सात वर्षांचा असताना क्लेइनोच्या थोआसने गाणं ऐकून आल्यावर आईला विचारलं होतं, "आई, मी यांच्यातला कुठला?" क्लेइनो दोर वळत होती. म्हणाली, "तू माझा. आता ते टोक नीट धर, सैल सोडू नकोस."

बाप सर्पदंशाने गेला तेव्हा पोरगं नऊ वर्षांचं होतं. तेव्हापासून मायलेक दोर वळायचे. बकरीच्या केसांचे, गवताचे, नांगराचे, होड्यांचे. गावातली एक होडी अशी नव्हती जी त्याच्या दोराने बांधलेली नाही. दिसायला साधा, बोलायला कमी, दारू दोन घोट घेतली की रडायला लागायचा. अंजीर सालीसकट खायचा. गाणं गुणगुणायचा तेही बेसूर, पण काम करताना थांबायचा नाही, आणि आब्रो भिंतीवरून ओरडायची, "अरे, त्या बकरीला सोड एकदाची!" एकदा वरच्या गावाहून त्याला मुलगी सांगून आली, सोबत मधाची तीन मडकी. आणणाऱ्याने "थोआसचं घर कुठलं?" विचारलं आणि मडकी गेली आब्रोकडे. आब्रोच्या थोआसने ती चाटूनपुसून संपवली आणि मग भिंतीवर बसून सांगितलं, "मध छान होता रे. मुलगी तू ठेव." दोघं हसून हसून पडले. ती सोयरीक काही जमली नाही. पण दोघांची दोस्ती अशी होती.

मग लढाई लागली, शहराला जहाजांवर वल्ही मारायला माणसं हवी झाली, आणि दोघंही गेले. वेगवेगळ्या जहाजांवर.

थंडीच्या तोंडावर शहराचा दवंडीवाला आला. विहिरीजवळच्या दगडावर चढून त्याने मेलेल्यांची नावं वाचली. आमच्याकडे मेलेल्यांची नुसती नावं वाचतात, बापाचं नाव लावत नाहीत; लढाईत गेलेला सगळ्या शहराचा मुलगा, असं त्या मोठ्या लोकांचं म्हणणं. आमच्या गावची तीन नावं होती. तिसरं होतं थोआस. एकदाच.

"कुठला थोआस?" क्लेइनो आणि आब्रो दोघींनी एकदम विचारलं.

"मला लिहून दिलं तेवढं वाचलं," तो म्हणाला. "मी काय प्रत्येकाच्या घरी जेवलोय?"

त्यानंतरचे चार दिवस मी माझ्या शत्रूलाही देणार नाही. त्या भिंतीवरून पीठ जाईना, अंजीर येईना. दोघी एकमेकींकडे बघेनात. एकीचा जगायचा तर दुसरीचा मेला पाहिजे, हे दोघींना कळत होतं आणि दोघी तेच मागत होत्या. देवळात एक सकाळी जायची, एक दुपारी.

पाचव्या दिवशी लोकर घेऊन एक होडी आली. किनाऱ्यावर आब्रो होती. तिने होडीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "या गावचा थोआस ना? जिवंत आहे की. पलीकडच्या बेटावर बंदरात पडलाय, पाय मोडलाय त्याचा." आब्रो तिथून जी पळत सुटली ती ओरडतच चढण चढली, "माझा जिवंत आहे! माझा जिवंत आहे!" अख्खं गाव तिच्या अंगणात जमलं. होडीवाल्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तो दिसायला कसा, उंच की बुटका, आईचं नाव काय सांगतो. संध्याकाळी वारा फिरला आणि तो निघून गेला. आम्ही सगळे शहाणे. मीसुद्धा.

आणि आता माझं पाप सांगते. क्लेइनो माझ्याकडे आली. डोळे कोरडे. म्हणाली, "मावशी, अजून थोडी थांबू का? महिनाभर?"

मी म्हणाले, "बये, कशासाठी? पोरगं पाण्यात गेलंय, त्याला मूठभर माती मिळालेली नाही. माती न मिळालेला जीव पलीकडे जात नाही, काठावर उभा राहतो. किती दिवस उभा करशील त्याला थंडीत?"

मी म्हणाले असं. तिचं बिचारीचं मन होत नव्हतं, मीच तिला ढकललं. दुसऱ्या दिवशी आम्ही रिकामी खाट घातली. तीवर त्याचा अंगरखा आणि दोर वळायची त्याची लाकडी खुंटी. क्लेइनोने केस कापले. अंगरखा पुरला, तेल ओतलं, आणि तिने खड्ड्यापाशी उभं राहून तीनदा हाक मारली, थोआस, थोआस, थोआस. तिसऱ्या हाकेनंतर माणूस आमचा राहत नाही, मेलेल्यांचा होतो. ती घरी आली आणि अंथरुणाला खिळली. हिवाळाभर खोकला, ताप. लापशीचे दोन घास गेले तर गेले.

बदामाला फूल आलं तेव्हा, भर दुपारी, क्लेइनोचा थोआस लंगडत चढणीवरून वर आला.

विहिरीवरच्या बायकांनी भुताची बाधा टळावी म्हणून आपल्याच छातीवर थुंकून घेतलं आणि पोरांना ओढून आत नेलं. मी तिथेच होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे मेल्या, होतास कुठे इतके दिवस!" आणि मग माझीच जीभ मी चावली. तो हसला. म्हणाला, "मावशी, पाय मोडला होता. आई बरी आहे ना?"

त्याला काय माहीत! तो सरळ घराकडे निघाला. तेवढ्यात आमचा पुजारी एवाल्कोस काठी घेऊन धावत आला आणि त्याच्यापुढे आडवा झाला. "थांब! उंबरा ओलांडू नकोस. कुणाला शिवू नकोस. तुझं क्रियाकर्म झालंय."

आमचा नियम साधा आहे आणि भयंकर आहे. ज्याला एकदा पुरला तो मेलेला. मग तो चालत येवो की धावत. त्याने चुलीजवळ यायचं नाही, देवळात पाऊल टाकायचं नाही, त्याच्या हातून कुणी पाणी घ्यायचं नाही, त्याचा शब्द कुठे चालायचा नाही. परत माणसांत यायची वाट एकच: ज्या आईने पुरला तिने पुन्हा जन्म द्यायचा. खरोखर बाळंतपण करायचं. वेणा, सुईण, न्हाणं, दुपटं, दूध, दहाव्या दिवशी बारसं, सगळं. आई नसेल तर वाट बंद. मग त्याने गाव सोडायचं आणि जिथे कुणी ओळखत नाही तिथे मरेपर्यंत भटकायचं.

"मग आजच करा!" थोआस म्हणाला.

"अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी," एवाल्कोस म्हणाला. "अजून आठ दिवस. त्याआधी बाळंतपणाच्या देवीला चालत नाही."

तोवर आब्रो आली होती. ती थोआसकडे बघतच नव्हती, त्याच्या मागे चढणीवर बघत होती. "माझा कुठाय? मागून येतोय ना?"

थोआसचा चेहरा उतरला. "काकू, आमची जहाजं शेजारी शेजारी होती. त्या दिवशी मी..."

"गप्प बस!" ती किंचाळली. "मेलेल्याची साक्ष चालत नाही! हो की नाही हो, पुजारी?"

एवाल्कोसने मान हलवली. चालत नाही खरी.

"यादीत एकच थोआस होता," आब्रो म्हणाली. "त्याला क्लेइनोने पुरला. म्हणजे माझा जिवंत आहे. पाय मोडून बंदरात पडलाय. होडीवाला खोटं बोलेल का?"

"काकू, बंदरात मी होतो," थोआस हळूच म्हणाला. "पाय माझाच मोडलाय."

तिने कानांवर हात ठेवले आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. तिचा राग नाही आला मला. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

थोआस खाली होड्यांच्या छपरात राहायला लागला. मी रोज दगडावर मसूर आणि भाकर ठेवून मागे सरकायची, मग तो येऊन घ्यायचा; मेलेल्याला नैवेद्य ठेवावा तसं. संध्याकाळी तो कुंपणाबाहेर यायचा. क्लेइनोला मी दारापर्यंत आणून टेकवून बसवायची. अंगणाच्या या टोकाला आई, त्या टोकाला लेक.

"जेवलास का?"

"जेवलो."

"दाढी कर. चोरासारखा दिसतोस."

"तू ऊठ, मग करतो."

"पाय दुखतो का रे?"

"नाही."

"खोटं बोलतोस. आणखी थोडा अलीकडे ये ना, नीट दिसत नाही मला."

"एवाल्कोस बघतोय, आई."

आणि एवाल्कोस खरंच बघत असायचा. ती माझ्याकडे वळून म्हणायची, "मावशी, मी तर मरणारच आहे. एकदा हात लावू दे. मला कसला विटाळ?" मी म्हणायची, "मेलेला म्हणून शिवलीस तर तो मेलेलाच राहील. जन्माला घाल, मग हवा तेवढा कुरवाळ. तीन दिवस धीर धर." पण तिच्याकडे तीन दिवस नव्हते. पाचव्या दिवशी सकाळी मी तिचा श्वास ऐकला. पन्नास वर्षं मी माणसांचे पहिले आणि शेवटचे श्वास ऐकत आले आहे, मला सांगायला कुणी नको. संध्याकाळसुद्धा कठीण होती.

मी तरातरा एवाल्कोसकडे गेले. "आजच करावं लागेल."

"अमावास्या..."

"अरे, पोरं काय चंद्र बघून येतात? तू कधी आलास सांगू? भर मळणीत, खळ्यावर, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी! तुझी आई म्हणत होती बैल आवरा आणि तू बाहेर! मीच काढलंय तुला, मला नको शिकवूस!"

त्याचे कान लाल झाले. पण म्हणाला, "मी होकार देणार नाही. केलंस तर तुझ्या जबाबदारीवर. आणि वडीलधारे विचारतील."

"विचारू देत."

बाळंतपणाच्या वेळी घरातली प्रत्येक गाठ सोडावी लागते, नाहीतर पोटातली वाट मोकळी होत नाही. कुणाच्याही घरी हे क्षणाचं काम: कमरेचा पट्टा, पिशवीचं तोंड, केसांची गाठ. पण हे दोर वळणाऱ्याचं घर! भिंतीभर दोर, वेटोळी, जाळी, फासे. मी बसले सोडत. माझी बोटं म्हातारी, त्याच्या गाठी पक्क्या. शिव्या देत होते आणि सोडत होते. भिंतीपलीकडे आब्रो उभी राहून बघत होती.

"मेलेल्याला घरात घेतेस?"

"घेत नाही, जन्माला घालतेय. ये, मदत कर. तिला मागून धरायला कुणीतरी हवंय."

"घाल," ती म्हणाली. "घाल त्याला जन्माला, आणि माझा मारून टाक." पण हलली नाही. आतही गेली नाही.

सगळ्या गाठी सुटल्यावर मी क्लेइनोला अंगणात आणलं. मागून धरायला कुणी नाही म्हणून अंजिराच्या खोडाला टेकवून बसवलं. तिचं वजन ते काय राहिलं होतं! थोआसला हाक मारली. तो कुंपणातून आत आला आणि खालच्या मानेने उभा राहिला, एवढा मोठा बाप्या, लाजून.

"मावशी, वेणा कशा द्यायच्या ते मी विसरले," क्लेइनो म्हणाली.

"तुला कधी आल्याच नव्हत्या, तुला कशा आठवतील? ओरड नुसती."

तिला ओरडता येईना. ती कण्हली. मी थोआसला तिच्या वस्त्राच्या घेराखाली शिरायला लावलं. तो अंगाचं मुटकुळं करून आत गेला, कापडाखाली. आणि तेव्हा क्लेइनोने त्या कापडावरून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आठ महिन्यांनी. "केवढा झालास रे," ती म्हणाली. "तेव्हा एवढा जड नव्हतास." कापडाखाली तो रडत होता, पाठ हलताना मला दिसत होती. "नाही, आता नको रडू," ती म्हणाली, "बाहेर आलास की रड. आता गप्प."

मी पुढे गुडघ्यांवर बसले. "कळ दे, पोरी. आणखी एक." तिने खरंच दिली. कुठून आणली देवीलाच ठाऊक. मानेच्या शिरा फुगल्या. डोकं बाहेर आलं, मी धरलं. खांदे आले. कमरेपर्यंत आला आणि अडकला. मी ओढतेय, तो येईना. मोडका पाय आत कशाने तरी धरून ठेवला होता. मी कापडाखाली हात घातला तर त्याच्या नडगीवर फडकं बांधलेलं, त्यावर गाठ. घरभर शोधून सोडल्या, आणि ही त्याच्या अंगावरचीच राहिली! बंदरातल्या कुणीतरी बांधलेली, मिठाच्या पाण्याने दगड झालेली. मी दातांनी धरली. "थांब, क्लेइनो, थांब हं, आत्ता सुटते." सुटली. मी वर बघितलं.

तिचा हात कापडावरून खाली घसरला होता. डोळे उघडे होते, पण ती बघत नव्हती.

मी पन्नास वर्षांत असं कधी केलं नव्हतं ते केलं: काहीच न झाल्यासारखं त्याला ओढलं. पाय बाहेर आले. तो पेंढ्यावर पडून राहिला, डोळे मिटून, माझ्या हुकुमाची वाट बघत. रडला नाही, काही नाही. मग हळूच विचारलं, "मावशी, झालं का?"

मी मान वर केली तर भिंतीपलीकडे आब्रो. तिने सगळं बघितलं होतं. हात कधी घसरला, पाय कधी बाहेर आले, सगळं.

थोआसने डोळे उघडले आणि आईकडे बघितलं. त्यानंतर जो आवाज त्याच्या तोंडून निघाला तो ऐकून खालच्या आळीतले लोक धावत आले. एवाल्कोसही आला, आणि त्याच्यामागून तीन वडीलधारे. मी तोवर थोआसच्या अंगावर पाणी ओतलं होतं आणि दुपटं म्हणून क्लेइनोची चादर गुंडाळली होती. कामातलं काही सोडायचं नाही, असं ठरवलं होतं.

एवाल्कोसने प्रेताकडे बघितलं, मग त्याच्याकडे. विचारायचं ते त्याने बरोबर विचारलं, मूर्ख असला तरी पुजारी होता. "आधी काय झालं? मूल बाहेर आलं की आईचा श्वास गेला?"

"आधी मूल," मी म्हणाले.

"मेलेल्या पोटातून जिवंत जन्मत नाही, प्राक्सो."

"आधी मूल म्हणून सांगतेय ना!"

"तू सुईण. पुरायला तूच लावलंस, काढायलाही तूच बसलीस. तू हो म्हणणारच." वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. "दुसरं कुणी बघितलं?"

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. संपलं, म्हटलं. आब्रोने फक्त खरं सांगायचं होतं. खोटंही नको, नुसतं खरं. तेवढ्यानं तिचा थोआस बंदरात जिवंत राहत होता.

आब्रो भिंत ओलांडून आली. साठीची बाई, घेर खोचून दगडावरून उतरली. आधी क्लेइनोजवळ गेली. तिचे डोळे मिटवले, तोंडावर आलेले केस मागे सारले. विस्कटलेलं वस्त्र तिच्या पायांवर नीट ओढलं. वडीलधारे खाकरले.

"देवीची शपथ घेऊन सांग," एवाल्कोस म्हणाला. "खोट्या शपथेने मुलंबाळं जातात, माहीत आहे ना?"

"माहीत आहे." तिने हात वर केला. "आधी मूल. बाहेर आलं आणि रडलं. मी ऐकलं. मग ती गेली."

एवाल्कोस पुढे झाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा मऊ ऐकला मी. "आब्रो, शुद्धीवर आहेस ना? हा जिवंत ठरला, तर मग यादीतला..."

"मला दोनपर्यंत मोजता येतं," ती म्हणाली.

वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा म्हणाला, जन्मला. एवढंच म्हणाला. आज ते तिघेही नाहीत, एवाल्कोस नाही, आब्रोही नाही, म्हणून मी हे सांगते आहे. तेव्हा मी तोंड शिवून बसले होते. आमच्याकडे मुलगा झाला की दाराला ऑलिव्हची फांदी लावतात आणि मयत झालं की पाण्याचं भांडं ठेवतात. त्या दिवशी क्लेइनोच्या दाराला दोन्ही होतं.

लोक पांगायला लागले. थोआस चादरीत गुंडाळलेला, आईच्या पायांशी बसला होता. आता तो तिला शिवू शकत होता, तर त्याला हात लावायचं सुचत नव्हतं. आब्रो त्याच्यासमोर मातीत बसली. गुडघे मोडून, जड.

"आता तुझी साक्ष चालते," ती म्हणाली. "सांग."

"काकू..."

"सांग म्हणते ना. बघितलंस का त्याला?"

"बघितलं. त्याचं जहाज आमच्या डोळ्यांदेखत फुटलं. मी एका वल्ह्याला धरून होतो. तो थोडा लांब होता. त्याने मला बघितलं आणि हाका मारायला लागला. थोआस, थोआस. मी पाय मारत होतो, काकू, पण पाय चालतच नव्हता. तो हाका मारत राहिला."

"किती वेळ?"

"बराच वेळ."

आब्रोने मान हलवली. मग पुढे सरकून तिने त्याचं डोकं आपल्या छातीशी धरलं, आणि ती रडायला लागली.